स्पीडचा काटा

हे गेल्यावर महिन्याभरातच धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पिकअपचा गिअरबॉक्स गेला. मलेच देऊन टाका." स्पीडचा काटा हलत नव्हता, एवढं खरं होतं.

मी गाडी मूर्तिजापूर रोडवरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने गिअरबॉक्सवरचा सेन्सर काढून दाखवला. "गिअरबॉक्स चांगला हाये, ताई. हा कोनंतरी पेचकसानं तोडला. मंग गाडी किती फिरली ते मीटरवर चढत नाही."

यांच्या आजारपणात गाडी दिरांकडेच होती. "बंद पडून हाये," म्हणायचे. आम्ही अकोल्याहून अमरावतीच्या दवाखान्यात एसटीने जायचो.

नवा सेन्सर बसवला. काटा हलला.

संध्याकाळी दीर आले. "काय म्हने मिस्त्री?"

"गाडी मीच ठेवणार आहे."

ते हसले आणि यांच्या फोटोला हात जोडायला वळले. मला इतकी किळस आली की तिथे उभं राहवेना.