शांतेची रजिस्ट्री

१९९८ साल. वय माझं एकाहत्तर. अफझलगंजातल्या आमच्या दोरखंडांच्या दुकानात सुतळीचा गठ्ठा सोडत होतो, तेव्हा मलकपेठेहून भाचा आला आणि उंबऱ्यातच बसला. "मामा, आई गेली…" त्याची आई म्हणजे माझी धाकटी बहीण, शांता. दीड महिना झाला. लोक म्हणतात, राग सोडा. का सोडू? माझी शाळा चौथीपर्यंत, तीही निजामाच्या राज्यात, उर्दूतून. मराठी आईनं दिली तेवढीच. चुका दिसल्या तर दिसू देत, पण लिहिणार.

शांता गोरी होती. पन्नाशीला आली तशी काळवंडत गेली, हिरड्या, तळहाताच्या रेषासुद्धा. "वन्सं, इंजनात कोळसा टाकता की काय?" माझी बायकोच हसायची. शांताही हसायची, आणि बरणीतलं खडेमीठ फुटाण्यासारखं तोंडात टाकायची. चक्कर येऊन पडली तेव्हा त्या काचेच्या नव्या दवाखान्यात कळलं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी निकामी झाल्यात, अंगात मीठ ठरत नाही. रोग फार विरळा. जन्मभर दोन गोळ्या. एक इथं मिळायची. दुसरी, मीठ धरून ठेवणारी, इथं कुठल्याच दुकानात नव्हती.

तिथला तरुण डॉक्टर आनंदानं म्हणाला, "चाचा, बहिणीचं नाव परदेशातल्या रजिस्ट्रीत जातंय. जगभरचे असे रोगी एका ठिकाणी." रक्त घेतलं, हिरड्यांचे फोटो काढले. आम्ही दोघं खूष! दिलसुखनगरात मी नुकताच प्लॉट घेतलेला. रजिस्ट्री झाली म्हणजे माल आपला, एवढं मला पक्कं ठाऊक. रिक्षात शांता म्हणाली, "अण्णा, तुझ्या प्लॉटासारखी मी पण पक्की झाले रे! आता कोण हालवतंय मला?"

दर वर्षी रक्त गेलं. गोळी आली नाही. कुणाचा पोरगा परदेशातून आला तर एखाददुसरी डबी आणायचा. शांता गोळ्या अर्ध्या-अर्ध्या करून पुरवायची. विचारलं की डॉक्टर म्हणे, "चाचा, रजिस्ट्री माहितीसाठी असते, औषधासाठी नाही." अरे, मग पहिल्याच दिवशी सांगायचं! आमच्यात खाल्ल्या मिठाला जागतात. घेतल्या रक्ताला जागायची रीत नाही का कुठं? बाजार उघडला म्हणून ढोल बडवले. बाहेरचा साबण आला, बाहेरचं सरबत आलं, कुत्र्याचं खाणं आलं… नखाएवढी गोळी तेवढी वेशीवर अडली. उन्हाळ्यात डबी संपली, ताप-जुलाब लागले, आणि होतं नव्हतं तेवढं मीठ वाहून गेलं…

परवा दवाखान्यातून फोन. यंदाचं रक्त द्यायचंय, बहिणीला घेऊन या! मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलकपेठेला जाऊन शांतेच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उचलली आणि बस धरून डॉक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवली. "हे घ्या यंदाचं. ती गेली." त्याचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "चाचा, गेल्याचीही नोंद करावी लागते. पुढच्यांच्या कामी येईल."

"करा. कारण काय लिहिता?"

त्यानं रोगाचं नाव लिहिलं.

"खोडा. गोळी मिळाली नाही, असं लिहा."

"त्याला रकाना नाही, चाचा."

मी खुर्ची ओढली, बरणी मांडीवर घेतली आणि बसलो. बाहेर रांग वाढत गेली. शेवटी त्यानं कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं. मला इंग्रजी येत नाही. रांगेतल्या एका बाईला आत बोलावलं, तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, आणि मगच उठलो.