करतोड्यांचा मान

बैलांच्या शिंगांना नुकत्याच लावलेल्या तांबड्या हुरमुंजीचा ओलसर, मातकट गंध आला की माझं मन आजही थुईथुई नाचू लागतं. ज्येष्ठातला बैलांचा सण बेंदूर, निपाणीजवळचं आमचं गाव, आणि वेशीत पिंपळपानं गुंफून ताणलेला तो दोर, म्हणजे कर! ती पहिल्यांदा तोडायची पाटलांच्या बैलानं. तसा त्यांचा पिढीजात मान. आडनावाबरोबर मानही पाळण्यातच मिळतो म्हणावं, तर इंग्रजी अमदानीतल्या त्या बेंदराला काय म्हणायचं?

त्या साली पाटलांचा बैल ऐन सणात लंगडला. त्यांचीच जमीन कसणाऱ्या आप्पांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, त्यांनी आमचा सर्जा मागून नेला, स्वतःची झूल त्याच्यावर चढवली, नि तो पाटलांचा झाला. सर्जानं कर तोडली ती काय दिमाखात! हलगी कडाडली, गुलाल उधळला. आता त्यानं वाड्यावर जायचं नि पाटलीणबाईंनी त्याला ओवाळायचं. पण झुलीला भुलेल तो सर्जा कसला? अख्खी मिरवणूक पाठीशी घेऊन तो सरळ आमच्या दारात येऊन उभा राहिला.

मी आनंदानं उड्या मारत होते, आणि आप्पांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. पाटलांची मर्जी फिरली, जमीन काढून घेतली, तर खायचं काय? आई आरतीचं ताट धरून उंबऱ्यातच थिजली. पाटलांनी क्षणभर बैलाकडं पाहिलं, मग हसून म्हणाले, "ओवाळ गं आक्का. दारात आल्याला बैल तसाच हुबा ठेवत्यात व्हय?"

तेव्हापासून गाव आम्हाला करतोडे म्हणू लागलं. शाळेत माझ्या भावाचं, अण्णाचं, तेच आडनाव लागलं. पुढं पाटील बेळगावला राहायला गेले आणि कर तोडायचा मानही आपसूक आमच्या घरात आला. अण्णाला तर तो जन्मजातच वाटे.

मग एका बेंदराला, गावात नव्यानं आलेल्या एका कुळाचा उमदा खोंड वेशीत आमच्या बैलाच्या पुढं सरकला. अण्णा त्याला आडवा गेला. "मान करतोड्यांचा हाय, खोंड मागं घे," म्हणून गरजला. हलगी थांबली. आता काठ्या निघतात की काय, असं वाटलं. तेवढ्यात थकलेले आप्पा गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी आमच्याच बैलाचा कासरा धरून त्याला बाजूला घेतलं.

"जाऊ दे रं त्येला फुडं," ते अण्णाला म्हणाले. "आपला बी असाच गेलता."