खंडेनवमीचं सॅम्पल

आई माझ्याकडे एडिनबराला सहा महिने राहायला आली होती, त्या ऑक्टोबरात एका दगडाने माझं डोकं खाल्लं.

दगड म्हणजे निकेल-तांब्याच्या खनिजाचा मुठीएवढा तुकडा, ड्रिलने खोलवरून काढलेला. त्या थरातला तेवढाच उरला होता. माझं काम त्यातल्या गंधकाचं मूळ शोधायचं. गंधकाचे काही अणू हलके असतात, काही जरा जड. पृथ्वीच्या पोटातून शिलारसाबरोबर वर आलेल्या गंधकात त्यांचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं. शिलारसाने वाटेतले खडक गिळून त्यांचं गंधक उचललं, तर ते प्रमाण हलतं. आमच्या साठ्यातलं गंधक थेट पोटातूनच आलंय, असं मी दोन वर्षं जिथे तिथे छातीठोकपणे सांगत होते. पेपर तयार होता. तो छापून आला तर कॉन्ट्रॅक्ट वाढणार, आणि कॉन्ट्रॅक्टवर व्हिसा. फक्त हा तुकडा मोजायचा राहिला होता.

मोजायचं मशीन दुसऱ्या शहरात. सोमवारी सकाळची ट्रेन पकडायची म्हणून दगड मी शुक्रवारीच घरी आणून ठेवला. रविवारी नेमकी खंडेनवमी. दुकानातून परत आले तर आईने एका ट्रेमध्ये माझा हातोडा, लॅपटॉप, सायकलची किल्ली मांडलेली, आणि मधोमध तो दगड. पिशवीतून काढून, ओल्या फडक्याने पुसून, वर हळदकुंकू, अक्षता आणि सुपरमार्केटमधली शेवंती. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची आज पूजा करायची, हातोड्याला मान द्यायचा आणि दगडाला नाही हे काही बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नाही नाही ते बोलले. दगड दिसला की शेंदूर फासायची तुम्हा लोकांची खोड काही जायची नाही, असंही म्हणाले. ती नैवेद्याची खीर झाकून ठेवून खोलीत गेली. मला वाईट वाटलं, पण राग जास्त होता.

सोमवारी लॅबमध्ये दगडाचा बाहेरचा सगळा भाग करवतीने कापून टाकला आणि आतलं कोरं खनिज मोजलं. आकडा जड आला. पुन्हा मोजलं, पुन्हा तोच. शेजारच्या गाळाच्या खडकांचा असतो, अगदी तसा. म्हणजे शिलारस वाटेत चांगला पोटभर जेवून आला होता, आणि माझी दोन वर्षं पाण्यात गेली होती.

ग्रुपच्या प्रमुखांना मी सगळं सांगितलं, पूजेसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, सॅम्पल दूषित झालं असं एका ओळीत लिही आणि वगळून टाक, कोणी विचारणार नाही. सुंठीवाचून खोकला जात होता. कुंकू काही दगडाच्या गाभ्यात शिरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. तरी ती ओळ मी लिहिली. पुसली, पुन्हा लिहिली.

जेवताना माझं लक्ष नाही हे आईच्या ध्यानात आलं. तिने विचारलं तेव्हा मी आकड्याचं सांगितलं, आणि प्रमुखांनी सुचवलेली वाटही. ती पोळी मोडत म्हणाली, “मग लिही की, आईने घोळ केला म्हणून. मी तर चाललेच आहे परत. मला कोण विचारणार आहे?”

मला रडूच आलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“तुझ्या कुंकवाने काही झालं नाही, आई,” मी म्हणाले. “दगड तसाच होता. मीच चुकले.”

दुसऱ्या दिवशी आकडा पेपरात घातला. निष्कर्ष उलटा झाला, सगळं नव्याने लिहावं लागलं, आणि पेपर छापून येईपर्यंत कॉन्ट्रॅक्ट संपलं. आता मी क्रॉयडनच्या एका कंपनीत इमारतींच्या पायाखालची माती तपासते. काम बरं आहे. माती कुठून आली असं कोणी विचारत नाही, घर पेलेल का एवढंच विचारतात.

आई मात्र अजूनही नागपुरात ज्याला त्याला सांगते, की तिच्या पूजेपायी पोरीची नोकरी गेली. फोनवर कितीदा समजावलं, खडक सांगितले, करवत सांगितली. सगळं ऐकून घेते आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा तेच सांगते. मुलगी चुकली असेल, हे ती काही केल्या मानायला तयार नाही.