नटबोल्टांच्या डब्यातल्या गोळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाय. माझ्याखेरीज एकटीला ठाऊक होतं — माझ्या बायकोला, रुक्मिणीला — आणि ती गेली. चौथी शिकलेला माणूस आहे मी, सांगताना मागंपुढं होईल.

हर्सूलला माझं इंजिनं-मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगायचो. त्याचा लई ताठा होता मला. गावात कुणी मला खोटारडा म्हणलं नाय. म्हणणार कसं? खोटं घरातच होतं.

रुक्मिणीला साखर निघाली तेव्हा आमची सुनंदा लग्नाची झाली होती. आईला साखर आहे म्हणलं की पाव्हणे पोरीत खोट काढायचे. मग मी काय केलं? डॉक्टरचा कागद चुलीत घातला. गोळ्या दुकानात, नटबोल्टांच्या डब्यात लपवल्या. आठवलं की एखादी घरी न्यायचो. नाय आठवलं तर — नाय. तिनं कधी मागितली नाय. मागायची सोय तरी मी ठेवली होती का?

सुपारी फुटली त्या दिवशी विहीणबाईनं रुक्मिणीच्या ताटात पुरणाची पोळी वाढली, वर गुळवणी. तिनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यानं खुणावलं — खा. तिनं खाल्ली. दुसरी वाढली, तीबी खाल्ली. व्याही म्हणाले, "विहीणबाई गोडाच्या लई शौकीन दिसतात!" सगळे हसले. मीबी हसलो.

लग्न झाल्यावर तरी सांगायचं? नाय. मग फसवलं म्हणले असते.

पहिल्या दिवाळीला जावई आणि व्याही घरी आले. अनारसे तळता तळता ती उठून बाहेर आली आणि ओट्याच्या पायरीवर बसली, पदरानं मान पुसत. "अहो, दम लागतोय." छातीत दुखतंय का विचारलं, तर नाय म्हणाली. मी म्हणलो, "पाव्हण्यांची जेवणं होऊ दे, मग पड." साखरेच्या माणसाला हृदयाचं दुखणं कधी कधी दुखतच नाय, हे मला कुठं ठाऊक — थांबा. हे मी माझ्या बाजूनं बोलतोय. साखर आहे हे तर ठाऊक होतं ना?

संध्याकाळी व्याह्यांच्याच जीपनं दवाखाना गाठला. रक्त तपासून डॉक्टरनं विचारलं, "साखर कधीपासून?" व्याही माझ्या खांद्याशी उभे. मी म्हणलो, "आजच कळतंय, साहेब." खाटेवरून तिनं ऐकलं. भिंतीकडं तोंड केलं.

डॉक्टर म्हणाले, हृदयाला रक्त कमी पडलं होतं, ते आता मिळतंय. पण साखरेनं आतल्या बारीक नसा आधीच खराब केल्यात, हृदय पहिल्यासारखा जोर धरणार नाय. बाकीच्यांना काय कळलं ठाऊक नाय, मला लगेच कळलं. आतून गंज चढलेलं इंजिन पाण्यावाचून तापलं, की मागून कितीबी पाणी सोडा, उपयोग नाय. असली इंजिनं मी दुरुस्तीला न घेता गिऱ्हाइकाला परत नेऊ द्यायचो.

तीन वर्षं ती बसूनच झोपली. आडवी झाली की दम. मग गेली. लोक म्हणाले, नशीब. मी मान हलवली.

मागल्या आठवड्यात सुनंदा आली. तिचीबी आता पन्नाशी उलटली. ओट्याच्या तीन पायऱ्या चढली, आणि बसली. पदरानं मान पुसत. "काय नाय आण्णा, थकवा हाय." या खेपेला मी थांबलो नाय. तिला दवाखान्यात नेलं. घरात कुणाला साखर होती का, डॉक्टरनं विचारलं. ती म्हणाली, "आईला होती, पण दवाखान्यात नेलं त्याच दिवशी कळली." मी शेजारी बसलो होतो. तिथंबी तोंड उघडलं नाय. या वयात कुणाला भीत होतो मी? जावयाला?

आज अकराला क्रांती चौकातल्या दवाखान्यात तिचे रिपोर्ट मिळायचेत. तो डबा मला कधी टाकवला नाय. गोळ्यांचं पीठ झालंय, पाकिटं तेवढी राहिलीत. डबा पिशवीत घातलाय. तिच्या मांडीवर ठेवणार आहे — जावयासमोर, डॉक्टरासमोर.

बाहेर जावयाच्या गाडीचा हॉर्न वाजतोय. सुनंदा मागच्या सीटवर सरकून माझ्यासाठी जागा करतेय.