नारिंगी जाकीट

माझे मामा तीस वर्षं हमरस्त्यावर खड्डे बुजवत होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी बसले आणि माझ्या प्रत्येक कामात नाक खुपसू लागले, म्हणून वैतागून मी त्यांना कॉम्प्युटरवर शिकारीचा गेम लावून दिला.

सुरुवातीलाच गाडं अडलं. अंगात काय घालायचं? पडद्यावर गवती, मातकट, पानापानांचे असे चाळीस कपडे होते. मामांनी ते दोनदा वरखाली बघितले, डोकं खाजवलं आणि नारिंगी जाकीट निवडलं. हरणानं लांबूनच धूम ठोकली.

"मामा, झाडीत मिसळून जायचं असतं. तुम्ही दिसायला नको."

"कुणाला?"

"कुणालाच!"

"लांबून दिसलं पाहिजे," असं मुकादमानं तीस वर्षं रोज सकाळी मामांना जे बजावलं, त्याच्या बरोबर उलटं मी सांगत होते. शेवटी माझं मन राखायला मामांनी पानापानांचा सदरा निवडला. पडद्यावर नुसती झाडी उरली.

"यात मी कुठाय?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "एकदा धुक्यात माझा जोडीदार असाच मातकट स्वेटर घालून कामावर आला होता. ट्रकवाला रडत होता बिचारा. म्हणे, दिसलाच नाही."

नारिंगी जाकीट मीच परत चढवलं. थोड्या वेळानं हरीण आलं, मान वर करून त्यानं थेट मामांकडे बघितलं आणि पळालं.

"दिसलो त्याला," मामा म्हणाले आणि खुर्चीत निवांत टेकले.