दर्याला वाढलेली थाळी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हसत विचारलंत, आजीने पांढऱ्या थाळीला दोरी का बांधली? म्हणून आजच लिहिते. इथे मालवणच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली जिवंत पोवळी आहेत. पाणी गढूळ झालं की त्यांना ऊन मिळत नाही, ती मरतात. म्हणून दर रविवारी मी होडीतून थाळी पाण्यात सोडते आणि ती किती खोलवर दिसते ते पाहते. काल ती लवकरच दिसेनाशी झाली. नव्या हॉटेलच्या खोदकामाची माती दर्यात उतरते आहे.

तेवढ्यात पर्यटकांना घेऊन दाजी होडीवाला आला. "काकीनू, दर्याक जेवक वाढतास काय?"

"हो. आणि वाढलेल्या पानात तू नांगर टाकू नकोस."

"अहो, खाली नुसतो दगड आसा!"

अंगठीत बसवलं की पोवळं, पाण्यात असलं की दगड! मी माझी होडी तिथून हलवली नाही. शेवटी दाजी पुटपुटत वाळूच्या बाजूला वळला. आता हीच थाळी घेऊन मी ग्रामसभेत उभी राहणार आहे. लोक हसले तर हसू देत.

परतताना उथळ जागी वाकून पाहिलं, तिथे पोवळ्यांचे रंग अंधूक दिसत होते. त्या गढूळ पाण्याखाली पोवळी अजून जिवंत आहेत.