कोल्ड रूमचं दार

आधी सुमनताईचं नाव घेतो, मग बाकीचं. चिपळूणची सुमनताई — परदेशातल्या एका बेटावरच्या हॉटेलात ती मुख्य स्वयंपाकीण, मी भाजी चिरणारा. परक्या मुलखात मला तिनेच सांभाळलं. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

ज्वालामुखी फुटला तेव्हा आम्ही दोघं किचनमध्ये होतो. राखेचा लोट डोंगरावरून सुटला आणि ताईने मला कॉलर धरून कोल्ड रूममध्ये, भाज्या-मांस ठेवायच्या थंड खोलीत, ढकललं, मागून स्वतः आली. नंतरचं तुम्ही वाचलं असेल — आठवीत शाळा सोडलेल्या पोराने हॉटेलात उतरलेल्या जर्मन आजीला राखेतून आत ओढलं. फोटोही पाहिला असेल. हेल्गाआजी माझ्या मांडीवर, दोघंही राखेने करडी. आजीनेच खटपट करून मला जर्मनीत आणलं, गेर्लिंगेनच्या एका कँटीनमध्ये लावून दिलं. इथल्या मराठी इंजिनिअर मंडळींनी गणपतीत शाल-श्रीफळ दिलं. त्यांची पोरं जर्मनमधून विचारत होती, तुला भीती नाही वाटली? मी नुसता हसलो.

वाटली ना. बाहेरून कुणीतरी दार बडवत होतं, आणि मी — कसं लिहू? — मी आतून हँडल ओढून धरलं होतं. भिंतीला पाय लावून. बाईचा आवाज होता. कळत होतं मला. तरी धरलं.

"सोड, मेल्या!" ताईने मला बाजूला लोटलं, दार उघडून हात बाहेर घातला. कोपरापर्यंत भाजला. आजी आत कोसळली ती माझ्याच अंगावर, बेशुद्ध. डोळे उघडले तेव्हा तिला माझा चेहरा दिसला. सुटका झाल्यावर ताईला आधी दवाखान्यात नेलं. मागे राहिलेल्या मला बातमीदारांनी विचारलं — तू वाचवलंस? मी होकाराची मान हलवली. एवढंच.

ताई आता चिपळूणला असते. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, तरी मोदक वळते म्हणे. फोनवर विचारते, "काय रे हिरो, जेवलास का?" त्या दाराबद्दल एक शब्दही काढत नाही. आणि इथे आजी — दर रविवारी केकचा मोठा तुकडा माझ्या ताटलीत. खरं कळल्यावर दार तरी उघडेल का? माहीत नाही.

ताईला एक दिवस मी इथे आणणार. आजीसमोर बसवून सांगणार — तुम्हाला आत ओढलं तो हात हा. आणि दार धरून ठेवलं होतं, तो माझा.